मग आता कुठून मोजता?

मंगळवार, ४ मार्च २०१४. मानाग्वा.

पोचले एकदाची. सान होसेहून साडेनऊ तास बस, त्यात सीमेवर दीड तास उन्हात उभं केलं. तिथल्या माणसाने माझा पासपोर्ट चार वेळा उलटापालटा करून पाहिला, जसा काही मी कुणाचा पळवून आणलाय. माझ्याच देशात शिरताना मलाच विचारतो, "किती दिवस मुक्काम, बाई?" मी म्हटलं, "ते माझ्या मुलीच्या हातात आहे." त्याला काय कळलं देव जाणे, शिक्का मारला.

ही वही सीमेवरच्या टपरीवर घेतली. सान होसेत दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओर्तेन्सियांकडे मी तेवीस वर्षं स्वयंपाक केला. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा कुठली गोळी कधी दिली, काय जेवल्या, किती झोपल्या ते सगळं मी वहीत लिहायची. त्या जानेवारीत गेल्या. मुलांनी सांगितलं, फेब्रुवारीअखेर खोली रिकामी करा. निघताना भिंतीवरचं घड्याळ दिलं आठवण म्हणून, तेही बंद पडलेलं. लिहायची सवय तेवढी माझ्याबरोबर आली.

वही माझीच आहे, तेव्हा स्पष्टच लिहिते. मला इदालियाच्या घरात एक खाट हवी आहे. इदालिया माझी मुलगी. आता अडतीस वर्षांची असेल. शेवटची पाहिली तेव्हा पाचाची होती. ती दार उघडेल की नाही मला माहीत नाही. नाही उघडलं तर मला परत जायला जागा नाही.

पत्ता आहे माझ्याकडे. माझ्या थोरल्या बहिणीचं, चेपाचं, आठ वर्षांपूर्वीचं शेवटचं पत्र: "इदालियाने लग्न केलं. घर सान ओनोफ्रेतच घेतलंय. गुलमोहरापासून तीन चौक तळ्याकडे, दीड चौक वर. हिरवं फाटक." इथे रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत, सगळं कशापासून तरी मोजायचं. ते काहीतरी भूकंपात पडलं असलं तरी मोजायचं तिथूनच. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला, वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, खाली म्हणजे मावळतो तिकडे. मला हे कुणी शिकवायला नको. मी जन्मापासून एकोणतीस वर्षं याच सान ओनोफ्रे वस्तीत काढली.

टॅक्सीवाल्याला गुलमोहर म्हटलं तर म्हणतो, "कुठला गुलमोहर?" मला खरंच वाटत नाही की त्याला माहीत नसेल. गाडीत आधीच दोन बायका बसल्या होत्या, त्यांना सोडायच्या निमित्ताने मला अख्खं शहर दाखवलं आणि शेवटी सोकोर्रो नावाच्या बाईच्या दारात उतरवलं. खोल्या भाड्याने देते. तिने नक्की त्याला काहीतरी देऊन ठेवलं असणार.

बुधवार, ५ मार्च

आज राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रॉस, आणि तो लावून लोक मला बिनदिक्कत थापा मारत होते.

सकाळी सातलाच निघाले. गुलमोहर कुठे होता ते मला डोळे मिटून सांगता येईल, असं मी तेहतीस वर्षं समजत होते. जाऊन बघते तर तिथे चौपदरी रस्ता आणि पेट्रोलपंप. पंपाच्या बाजूला टायरची दुरुस्ती करणारा एक माणूस, साठीचा, आबेलिनो नाव. त्याला विचारलं.

"गुलमोहर? तो तर रस्ता रुंद केला तेव्हाच पाडला."

"पण होता कुठे?"

त्याने डावीकडे हात केला. त्याच्याबरोबरचा माणूस म्हणाला, छे छे, उजवीकडे. समोर झुलत्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती, ती तिथूनच ओरडली, "अरे, पंपाचा संडास आहे ना आता, तिथे होता!" एका झाडाच्या तीन जागा. मी तिन्ही जागांवरून मोजून पाहिलं. पहिल्या मोजणीला शाळेच्या भिंतीवर आपटले, दुसरीला सांडपाण्याच्या नाल्यापाशी पोचले, तिसरीला गल्ल्यांतून फिरून फिरून पुन्हा पंपावर. मग मी डोक्यातलं सगळं सोडून नुसती चालत सुटले, म्हटलं आपल्या पायांना तरी आठवेल. पाय परत पंपावरच घेऊन आले. तिथला माणूस म्हणतो, "आजी, हवा भरायचीय का?"

जिथे मी चालायला शिकले तिथे मी हरवले. रडू येत होतं, पण त्या लोकांसमोर कशाला रडू?

पुन्हा आबेलिनोकडे गेले. तो म्हणाला, "अहो, आता झाडापासून कोण मोजतंय?"

"मग आता कुठून मोजता?"

हे मी विचारलं मात्र, त्याने माझ्याकडे वर पाहिलं. कपाळापासून चपलांपर्यंत, सावकाश. हातातलं चाक खाली ठेवलं आणि फडक्याला हात पुसत बसला. अगोदर हात पुसायची काही गरज वाटली नव्हती त्याला.

"कुणाकडे जायचंय तुम्हाला?"

"इदालिया साएन्सकडे."

"तुम्ही कोण तिच्या?"

"नात्यातली."

"हं," म्हणाला. "मला नाही बुवा सांगता यायचं."

जन्म इथे काढलेल्या माणसाला आपण कुठून मोजतो ते सांगता येत नाही? आणि त्याच्या साथीदाराने मान खाली घातली ती वर केलीच नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय. एक तर इदालियाने सगळ्यांना सांगून ठेवलंय, किंवा तिचं काहीतरी वाईट झालंय, किंवा चेपाच्या मुलांनी तिचं घर लाटलंय आणि अख्खी गल्ली त्यांना सामील आहे.

गुरुवार, ६ मार्च

पाय सुजलेत. सोकोर्रोने घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ आणून दिलं, मी काही मागितलं नव्हतं. उगाच कुणी कुणाचे पाय शेकत नाही. शिवाय माझ्या बॅगेची चेन मी शेवटपर्यंत ओढलेली असते, आज ती दोन बोटं उघडी होती.

पाय बुडवून बसले तेव्हा तिने चौकशा सुरू केल्या. "तुम्ही इथून कधी गेलात?"

"एक्याऐंशी साली."

"मार्च महिना होता का?"

"तुम्हाला काय करायचंय महिना घेऊन?"

"काही नाही हो. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आम्ही सान ओनोफ्रेतच राहायचो, औषधाच्या दुकानासमोर." मग उठून आत गेली. आत ताटली पडल्याचा आवाज आला. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती डोळे लाल करून, म्हणे कांदा चिरत होते. आज जेवणात कांदा कुठेच नव्हता.

औषधाच्या दुकानाचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. मी कामासाठी गेले. सगळेच जात होते तेव्हा. ट्रक दहाला सुटणार होता. चेपा रोज बाराला बाजारातून त्याच वाटेने घरी यायची, आणि तिच्या शेजारणीकडे मी निरोप ठेवला होता की पोरीला दुकानापासून घेऊन जा. मी इदालियाला दुकानाच्या पायरीवर बसवलं, सावलीतल्या बाजूला. हातात मक्याच्या कडबोळ्यांची पुडी दिली. म्हटलं, "इथून हलू नकोस, मी आलेच." खरं सांगितलं असतं तर तिने रडून रस्ता गोळा केला असता. दोन तासांचा तर प्रश्न होता. दुकानदार होता, लोक होते. दोन तासांत पोराला काय होतंय?

आणि मी सहा महिन्यांनी येणारच होते.

ट्रकवाल्याबद्दल आज लिहीत नाही.

शनिवार, ८ मार्च

काल दिवसभर पाऊल टेकवत नव्हतं. आज गेले.

पंपाच्या मागच्या गल्लीत लुवी नावाच्या बाईचं घरगुती दुकान आहे, लोखंडी जाळीमागे. साबण, तेल, थंड पाणी. मला तिथे पाण्याची पिशवी घ्यायची होती. लुवी फोनवर होती. "हो हो, दहा किलो पीठ, केळीची पानं वेगळी. पत्ता लिहून घे," असं म्हणाली, तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. लगेच पाठ फिरवली, तांदळाच्या पोत्यांमागे गेली आणि भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजली. पत्ता! कुणी चोरीचा माल सांगावा तसा पत्ता सांगितला.

ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुमच्या इथे पत्ता सांगायला पोलीस पकडतात का?"

"नाही हो, माझा घसा बसलाय," म्हणाली आणि मला पाणी दिलं. पैसे घेईना. हे तर मला अजिबात आवडलं नाही. फुकट देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच.

मी जाळीपाशीच स्टूल ओढून बसले. म्हटलं, बघू किती वेळ घसा बसतो. थोड्या वेळाने मोटरसायकलवरून एक माणूस आला, मागे खोकं बांधलेलं. गाडीवरूनच चिठ्ठी वाचत ओरडला, "लुवी, हे कुठे आलं गं? पोर बसायची तिथून दोन चौक—"

"दे इकडे ती चिठ्ठी!" लुवी जाळीतून हात घालून जवळजवळ ओरबाडत म्हणाली. "तुला काही अक्कल? आत ये. मागच्या दाराने ये."

तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी लुवीला म्हटलं, "पोर बसायची, हे काय नवीन?"

"जुनंच आहे," ती म्हणाली. "असंच आपलं, लोकांनी पाडलेलं नाव."

"दुकान होतं का कुठलं?"

"हो. दुकानच होतं."

माझ्याकडे न बघता बोलत होती. आता बसून विचार करतेय तर वाटतं, खेळण्यांचं दुकान असेल, काचेमागे मोठी बाहुली बसवलेली. नाहीतर चर्चमधला एखादा पुतळा, बाळ येशूला घेऊन बसलेली कुणी संत. भूकंपानंतर पुतळे इकडचे तिकडे गेलेच होते. पण मग एवढं लपवायचं काय त्यात? पुतळा चोरीला गेला असणार, आणि यांच्यापैकीच कुणीतरी नेला असणार. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

रविवार, ९ मार्च

सकाळी सोकोर्रोने नाकातमाल आणून दिला, केळीच्या पानात बांधलेला, वाफाळता. सान होसेमध्ये मी स्वतः दर रविवारी करायची, पण हे पीठ माझ्यापेक्षा मऊ होतं. आत डुकराचं मांस, बटाटा, पुदिन्याचं एकच पान. मी जेवत होते आणि सोकोर्रो समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसा लागला?"

"बरा आहे. मीठ कमी आहे."

"आणखी काही?"

"आणखी काय? तुम्ही केलाय का?"

"नाही. विकत आणते. एक बाई करते शनिवार-रविवार, ऑर्डरीवर." आणि अजून बघतेच आहे. मी अर्धा ठेवून दिला. खाताना माणसाकडे इतकं बघू नये, विष घातल्याची शंका येते. नंतर अर्धा खाल्ला.

आज ट्रकवाल्याबद्दल लिहिते. मी कामासाठी गेले नव्हते. त्याच्याबरोबर गेले होते. तो म्हणाला होता, पोर मागून आणू. तीन महिन्यांत त्याने मला टाकलं. तेव्हा परत यायला हवं होतं, एका दिवसाची बस होती. मला लाज वाटली. म्हटलं, थोडे पैसे साठवू, तिच्यासाठी काहीतरी घेऊन जाऊ, मग तोंड दाखवू. मग त्या लाजेवर वर्षं चढत गेली. चेपा वारली तेव्हाही पासपोर्टचं निमित्त केलं. पासपोर्ट माझ्या कपाटात होता.

सोमवार, १० मार्च

पकडलं शेवटी.

लुवीच्या दुकानाला मागच्या बाजूने फेरा घालून गेले, तिला दिसणार नाही असं. ती फोनवर बोलत होती आणि या वेळी घसा चांगला खणखणीत होता. "आज नाही आली अजून. परवा इथेच स्टूल टाकून बसली होती. मी किती दिवस थोपवू? म्हातारी उन्हात भटकतेय, एखाद्या दिवशी पडेल कुठेतरी. तू काय ते ठरव बाई आता."

मी जाळीसमोर जाऊन उभी राहिले. लुवीने फोन खाली केला. चोरी पकडली गेली की माणसं लाजतात, ही लाजली नाही. उलट मला वाटलं की तिला बरं वाटलं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"इदालियाशी."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवशी नाही. आबेलिनोने ओळखलं तुम्हाला, मग सगळ्यांना कळलं."

"आणि सगळ्यांनी मिळून मला पंपाभोवती फिरवलं? वेड्या म्हशीसारखं?"

"तिला न विचारता कसं सांगणार हो? तिचं घर आहे." मग म्हणाली, "आणि पत्ता सांगायला जीभ रेटली पाहिजे ना कुणाची तरी." हे कशाबद्दल, ते तिला विचारलं नाही. माझा संताप होत होता.

तिने पुन्हा फोन लावला, आत जाऊन बोलली, आणि बाहेर येऊन सांगितलं, "बुधवारी चारला इथे या. ती येईल न्यायला."

दोन दिवस कशाला हवेत तिला? घर आवरायला नव्हे. मला वाटतं ती दोन दिवसांत कुठेतरी निघून जाणार.

बुधवार, १२ मार्च

नाही गेली. चारला पाच मिनिटं असताना आली, उन्हासाठी काळी छत्री घेऊन. चाल अगदी चेपाची. मी तिला ओळखलं नसतं, चालीला ओळखलं. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी इदालिया. चला."

एवढंच. मी मिठी मारायला पुढे झाले होते, ते हात मी छत्रीकडे वळवले, जशी काही छत्री धरायची होती.

घर जवळच होतं. हिरवं फाटक. मी गेल्या बुधवारी त्याच्यावरून दोनदा गेले असणार. अंगणात दोन मोठी पातेली पालथी घातलेली आणि केळीच्या पानांची चळत. नवरा कोरिंतोच्या बंदरात कामाला असतो, शनिवारी येतो. मुलगी शाळेत गेली होती. मला खुर्ची दिली, थंड पेज दिली, आणि समोर बसली.

"मीठ कमी होतं म्हणालात म्हणे."

म्हणजे तो नाकातमाल हिचा होता. म्हणजे सोकोर्रोसुद्धा यांना सामील. "पीठ फार छान होतं," मी म्हटलं, "माझ्यापेक्षा मऊ."

"मावशीची पद्धत आहे."

मला तुम्ही म्हणत होती. मी म्हटलं, "चेपाने तुझे कान भरले असतील माझ्याविरुद्ध."

"मावशीने?" ती हसली, पण हसण्यासारखं नाही. "मावशी रोज सांगायची, येईल तुझी आई. मला चौदावं लागलं तेव्हा मीच तिला सांगितलं, पुरे आता, मला त्रास होतो." मग म्हणाली, "बूट लहान यायचे."

दर डिसेंबरला मी कुणाबरोबर तरी बूट पाठवायची.

"एकदाही बसले नाहीत पायात. मावशी म्हणायची, तिच्या मनात तू पाचाचीच आहेस. शेजारच्या मुलींना देऊन टाकायचो."

मी ठरवून आले होते की खाटेचं लगेच बोलायचं नाही, पण बोलले. धीर धरवला नाही. दोन्या ओर्तेन्सिया गेल्या, खोली गेली, सगळं सांगितलं, आणि म्हटलं मला एक खाट दे, मी पीठ मळीन, पानं पुसेन, कुणाच्या मध्ये येणार नाही. मध्ये दोनदा तिचा फोन वाजला, दोन्ही वेळा उठून मागच्या खोलीत गेली आणि हळू आवाजात बोलली. मला वाटलं, लुवीला सांगतेय, म्हातारी खाट मागतेय.

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा म्हणाली, "आज नाही सांगता येणार मला. तुम्ही खाट मागाल हे माहीत होतं. पण तुम्ही आधी दुसरं काहीतरी बोलाल असं वाटलं होतं."

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. तेहतीस वर्षं पाठ केलेलं वाक्य, ऐन वेळी दात मिटून बसले.

"उशीर होतोय," ती म्हणाली, "टॅक्सी बोलावते." आणि दमली होती म्हणून असेल, किंवा रोजची सवय म्हणून, या वेळी ती उठून आत गेली नाही. तिथेच बसून नंबर लावला. "हां, एक गाडी पाठवा. सान ओनोफ्रे. पोर बसायची तिथून दोन चौक तळ्याकडे, अर्धा चौक खाली. हिरवं फाटक." पलीकडच्याला ऐकू गेलं नाही. तिने आवाज चढवून पुन्हा सांगितलं. "पोर बसायची तिथून! दोन चौक तळ्याकडे!"

मी पानांकडे बघत होते. पुतळा नव्हता. मला शनिवारीच कळलं असणार, मी कळू दिलं नाही.

इदालियाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. "अगं, पत्ता आहे तो," ती म्हणाली. "सगळेच तसं सांगतात. इथे औषधाची दुकानं तीन झाली, कुणी कुठल्या दुकानापासून मोजायचं? पोर एकच होती."

"चेपा बाराला आली नाही?"

"दिवे लागल्यावर आली. त्या दिवशी ती बाजारात गेलीच नव्हती, आणि शेजारीण निरोप न देताच माहेरी निघून गेली. दुकानदाराने सांगून पाठवलं."

"दिवसभर?"

"त्या दिवसाचं काही नाही. एका दिवसाने कुठे पत्ता पडतो?" ती फोन हातात फिरवत होती. "मी रोज जायचे. इथून हलू नकोस म्हणाली होतीस ना. मावशी उचलून आणायची, मी पुन्हा जायचे. मग तिने नाद सोडला. शाळेत घातल्यावर शाळा सुटली की जायचे. दुकानदार पायरीवर पोतं अंथरून द्यायचा. लोक म्हणायला लागले, पोर बसते तिथून एक चौक, पोर बसते तिथून दोन चौक. दुसरीतून तिसरीत गेले तेव्हा मी जायचं बंद केलं. मग बसायची झालं."

मी विचारलं, तुला राग येत नाही का असा पत्ता सांगताना.

"माझ्या शाळेच्या दाखल्यावर तिथूनच मोजलेला पत्ता आहे. लग्नाच्या कागदावर आहे. विजेच्या बिलावर आहे. किती रागवायचं?" मग म्हणाली, "लोकांना मात्र तुझ्या तोंडावर म्हणवेना. मावशीलाही पत्रात लिहवेना. तेव्हा गुलमोहराचं खोड शिल्लक होतं. तिथून पावलं टाकत ती इथपर्यंत आली, तुझ्यासाठी वेगळा पत्ता काढायला. साठीची बाई, भर दुपारी."

आणि त्याच चेपाने कान भरले असतील, असं मी मघाशी म्हटलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला. मी उठले आणि म्हटलं, "इदालिया, मी तुला फसवलं. सहा महिन्यांनी यायचं होतं ते खरं होतं, पण आलेच म्हटलं ते खोटं होतं. मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते." रडत म्हटलं, काय शब्द होते ते नीट आठवत नाहीत.

तिने फाटक उघडून धरलं. "रविवारी अकराला ये," म्हणाली. "आणि लुवीला पिडू नकोस. पत्ता कळलाय आता."

रविवार, १६ मार्च

इदालियाच्या अंगणात बसून लिहितेय. ती पातेल्यांशी आहे, मला पानं पुसायला दिलीत, आत्ताच संपली. खाटेचं ती काही बोललेली नाही. मीही विचारलेलं नाही. नात दाराआडून माझ्याकडे बघते आणि मी बघितलं की पळते. मिठाला मी हात लावलेला नाही.

सकाळचं लिहायचं आहे. टॅक्सी पकडली. चालक चाळिशीचा, एस्तेलीचा, इथे येऊन आठच महिने झालेले. "कुठे, आजी?"

"सान ओनोफ्रे."

"सान ओनोफ्रेत कुठून?"

मी म्हटलं, "पेट्रोलपंपापासून."

"पंप दोन आहेत. कुठून नक्की?"

मी औषधाचं दुकान म्हणून पाहिलं. म्हणाला, ती तीन आहेत. त्याने गाडी कडेला घेतली आणि थांबला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग मी सांगितलं. पहिल्या खेपेला पुटपुटले, त्याने मान मागे वळवली, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं. पोर बसायची तिथून दोन चौक तळ्याकडे, अर्धा चौक खाली.

"हां, मग असं सांगा ना," तो म्हणाला आणि गाडी काढली. "आठ महिने हा पत्ता ऐकतोय. कितीजणांना विचारलं, कुणी धड सांगत नाही. तुम्ही इथल्या जुन्या दिसता. कुणाची पोर होती हो ती?"

"माझी," मी म्हटलं.